ताळेमिस्त्री आणि सहा बोल्ट

ताळेमिस्त्रीला हे नाव चौथीच्या वर्गात मिळालं, आणि त्यात थोडा दोष माझा आहे. गणित सोडवून झालं की ताळा करून पाहायचा, असं मी वर्गाला शिकवलं होतं. बाकीची मुलं ताळा विसरायची. हा ताळ्याचाही ताळा करायचा. परीक्षेत त्याची दहांपैकी सहाच गणितं व्हायची, पण त्या सहांखाली इतक्या बेरजा-वजाबाक्या असायच्या की तपासताना माझंच डोकं गरगरायचं. "अरे, उत्तर बरोबर आहे, पुढे जा," म्हटलं तर मान वर करून विचारायचा, "बाई, पण तुम्हाला कसं कळलं?"

कंपासपेटी बंद करताना तो फटीत लाल दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवायचा. कुणी पेटी उघडली तर दोरा खाली पडणार. एकदा तो पडलेला सापडला. तेव्हापासून त्यानं बाकावरच्या जोडीदाराशी बोलणं टाकलं, ते थेट वार्षिक परीक्षेपर्यंत. खरं म्हणजे पेटी मी उघडली होती. प्रश्नपत्रिकेत वर्तुळ काढायला कर्कटक हवं होतं आणि वर्ग खेळायला बाहेर गेला होता. मला हे आठवलं तेव्हा मी त्याला बोलावून सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग तो नाही म्हणताना खाली का बघत होता?"

आता त्याची साठी उलटली आहे आणि माझी ऐंशी जवळ आली आहे. त्याचं गॅरेज माझ्या घराच्या बरोबर समोर आहे, गॅलरीत उभी राहिले की आतपर्यंत दिसतं. भिंतीवर प्रत्येक पान्याची बाह्यरेषा रंगवलेली आहे, म्हणजे एक जरी जागेवर नसला तरी लांबून कळावं. तो फक्त जुन्या गाड्या घेतो. नव्या गाडीचं बॉनेट उघडलं की वर प्लास्टिकचं झाकण दिसतं, ते त्याला पटत नाही. "लपवायचं काही नसेल तर झाकण कशाला?" बोल्ट आवळून झाला की तो बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या लोखंडावर एक बारीक पिवळी रेघ ओढतो. पुढे कुणी तो बोल्ट फिरवलाच तर रेघ तुटते. त्याच्या हाताखालून गेलेली गाडी बॉनेट उघडताच ओळखू येते. आत सगळीकडे पिवळ्या रेघा, जशा माझ्या वह्यांत लाल.

एके काळी याच गॅरेजात निळ्या रेघाही असत. त्या दाजींच्या.

दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, यजमान. दोघांनी मिळून गॅरेज काढलं, सतरा वर्षं चालवलं. दाजी बोलायला कमी आणि हाताला हलके. कुठलाही नट असा सोडवायचे की जणू त्यालाच सुटायचं होतं. प्रत्येक कामाची नोंद एका वहीत व्हायची, दोघंही त्यात लिहायचे, दोघंही वाचायचे. ताळ्याचा, म्हणजे आमच्या ताळेमिस्त्रीचा, तर नियमच होता की जे वहीत नाही ते झालं नाही. सुट्टीच्या दिवशी ते दोघं एक हिरवी गाडी घडवत असत. गोल दिव्यांची, लांब नाकाची, जमिनीतून वर आलेल्या गिअरच्या दांड्याची. गाडीचा सांगाडा दाजींचा होता, त्यांना कुठल्याशा गोदामात सापडलेला. इंजिन ताळ्याचं. त्यानं ते कुठून कुठून शोधून आणलं होतं आणि वर्षभर घासून, मोजून, जुळवून नवं केलं होतं. ते इंजिन गाडीत बसलं त्या दिवशी दोघांनी मला गल्लीतून एक चक्कर मारून आणली होती. मागच्या सीटवर ताई आणि ताळ्याची बायको एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून बसल्या होत्या.

त्यानंतर दहा दिवसांनी दाजींनी आपले पाने पिशवीत भरले आणि म्हणाले, "आपण वेगळं होऊ." कारण विचारलं तर म्हणाले, "कारण काही नाही." गाडी त्यांच्याच घरापुढे उभी होती, ती तिथेच राहिली. ताई त्या दिवसापासून भावाच्या उंबऱ्यावर आली नाही.

ताळेमिस्त्री एकोणीस वर्षं भेटेल त्याला एकच सांगत आला, "कारण सांगितलं नाही, म्हणजे कारण होतंच. माझं इंजिन काढून त्यांनी दुसरं बसवलं असणार. डोळ्याला डोळा भिडवायची सोय राहिली नाही, म्हणून निघून गेले." मी एक-दोनदा म्हणून पाहिलं, "अरे, पाहिलंस का तू?" त्यावर तो म्हणायचा, "बघू दिलंच नाही, हाच पुरावा."

*

त्या सोमवारी सकाळी दुसऱ्या गाडीला दोर बांधून ओढत ती हिरवी गाडी गॅरेजपुढे आली. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, ते तसेच राहिले. मागून ताई चालत आली. केस पार पांढरे झालेले, पण चाल तीच, घाईची. भाऊ दारात उभा राहिला. ती रस्त्याच्या कडेलाच थांबली आणि हात लांब करून किल्ली पुढे केली.

"इंजिन उतरवायचंय. क्लच संपलाय, धूर ओकतंय. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असं त्यांचं म्हणणं आहे."

"का? त्यांना हात नाहीत?"

"थरथरतात. चहाचा कप धरवत नाही, पाना काय धरतील."

"आता थरथरतात. इतकी वर्षं काय करत होते?"

"ते मला विचारू नकोस. मी निरोप घेऊन आलेय, साक्ष द्यायला नाही." मग जरा आवाज उतरवून ती म्हणाली, "आणि ऐक. गिअरबॉक्सचं कवच फुटता कामा नये. दुसरं कुठे मिळत नाही. ते फुटलं तर गाडी भंगारात जाईल, आणि मग मला इकडे यायला काही निमित्त उरणार नाही."

ती वळून निघून गेली. ताळ्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन धावत बाहेर आली तोवर ताई कोपऱ्यापाशी पोचली होती. ती तशीच तांब्या हातात घेऊन उभी राहिली.

पाच मिनिटांत ताळेमिस्त्री रस्ता ओलांडून माझ्या दारात.

"बाई, मोकळ्या आहात का?"

"या वयात दुसरं काय असणार?"

"मग साक्षीला बसा. उद्या ते म्हणतील, मी फोडलं. म्हणतील, मी बदललं. तुमच्या शब्दावर कुणी शंका घेणार नाही."

"तूसुद्धा?"

त्यानं थोडा विचार केला, खरोखरच विचार केला, आणि म्हणाला, "बहुतेक नाही."

त्यानं माझ्यासाठी आपली हाताची खुर्ची पुसून ठेवली, शेजारी एक पांढरी इनॅमलची थाळी. निघालेला प्रत्येक बोल्ट या थाळीत पडणार आणि मी मोजणार. मग बॉनेट न उघडताच तो गाडीभोवती दोनदा फिरला. चाकं पाहिली, काचेच्या रबराला नाक लावून वास घेतला.

"धुतलीय," तो म्हणाला.

"गाडी पाठवताना माणूस धुतोच की."

"बाहेरून धुतो. हे बघा, खालूनही धुतलीय. खालून कोण धुतं? ज्याला काही पुसायचं असतं तो."

बॉनेट उघडलं. आत मात्र काहीच धुतलेलं नव्हतं. एकोणीस वर्षांची काजळी आणि तेल यांचा काळा लेप सगळ्या इंजिनावर चढला होता. यावर तो म्हणाला, "आणि इथं मुद्दाम धुतलं नाही."

इंजिनाचा नंबर कोरलेला असतो, तो या जातीच्या गाडीत इंजिनाच्या मागच्या अंगाला, अगदी गिअरबॉक्सजवळ. गाडीत बसलेलं असताना तो दिसत नाही. ताळ्यानं आरसा घालून पाहिला, बोटानं चाचपून पाहिला, पण काजळीशिवाय हाताला काही लागलं नाही. त्यानं जुन्या वहीतलं एकोणीस वर्षांपूर्वीचं पान काढलं. तिथे त्याच्या अक्षरात नंबर होता, खाली दोन रेघा मारलेला. "उतरलं की पहिलं काम हे," तो म्हणाला. "नंबर जुळला नाही, की संपलं. मग ताईसुद्धा ऐकेल."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्याला इंजिन उतरवण्याची एवढी घाई कशासाठी होती. क्लचशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

*

सोमवारचा दिवस सोडवासोडवीत गेला. रेडिएटर निघाला, नळ्या निघाल्या, वायरींना त्यानं कागदाच्या चिठ्ठ्या बांधल्या. इंजिन गिअरबॉक्सला जिथे जोडलेलं असतं तिथे घंटेच्या आकाराचं एक कवच असतं, तेच ताईनं सांगितलेलं. इंजिन त्या कवचाला बोल्टांनी आवळलेलं असतं आणि गिअरबॉक्समधून निघालेला एक दांडा क्लचच्या मध्यात शिरलेला असतो. बोल्ट काढायचे, इंजिन साखळीला टांगायचं आणि पुढे सरकवायचं. दांडा म्यानातून तलवार निघावी तसा सुटा होतो. ताळ्यानं मला हे लाकडाच्या भुशात बोटानं चित्र काढून समजावलं. शिकवतो छान. मी वर्गात शिकवायचे त्यापेक्षा छान.

वहीत कवचाचे बोल्ट होते सहा. तीन पिवळ्या रेघांचे, तीन निळ्या. सहाही रेघा अखंड होत्या, केसाइतकीही फट नाही.

"बघ," मी म्हटलं, "कुणी हात लावलेला नाही."

"रंग काय, पुन्हा लावता येतो."

"पिवळासुद्धा?"

"पिवळा काय माझ्या एकट्याच्या घरी असतो?"

सहा बोल्ट थाळीत पडले. मी मोजले, त्यानं मोजले, त्यानं वहीशी ताडून पाहिले, आणि मग बायकोला हाक मारून तिच्याकडून मोजून घेतले. "सहाच आहेत हो," ती म्हणाली, "हवं तर कोंबडीसारखी त्यांच्यावर बसून राहते." त्यानं तिकडे लक्ष दिलं नाही. गिअरबॉक्सखाली जॅक लावला, छताच्या तुळईला अडकवलेल्या चेनपुलीची साखळी इंजिनाला बांधली आणि ओढू लागला. साखळी ताठ झाली. इंजिन वर आलं, आणि त्याच्याबरोबर गाडीचं नाकही वर आलं. पुढची चाकं जमिनीवरून सुटायला आली तरी इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना सोडेनात.

"म्हणजे माझी शंका खरी," तो हळू म्हणाला. त्याच्या आवाजात निराशेबरोबर थोडं समाधानही होतं, हे मला आवडलं नाही.

मंगळवारी त्यानं जोडावर रॉकेल आणि तेल सोडून दोन तास वाट पाहिली. लाकडी ठोकळा ठेवून चहूबाजूंनी ठोकलं. पहारीचं टोक घालून नेट लावला. दुपारी खालच्या बाजूला फट पडली. नखाएवढी, मग बोटाएवढी. वर मात्र जोड मिटलेला तो मिटलेलाच. खालून उघडतं आणि वरून धरून ठेवतं, असं ते इंजिन एखाद्या हट्टी पोरीसारखं दात आवळून बसलं होतं.

"वर एखादा बोल्ट राहिला असेल," मी भीत भीत म्हटलं. मला यातलं काय कळतं!

"वर बोल्ट नाहीच बाई. तिथं कंपनीनं नुसतं भोक पाडून ठेवलंय, दुसऱ्या जातीच्या गिअरबॉक्ससाठी. इंजिनाच्या बाजूनं मी चाचपलं. बोल्टाचं डोकं नाही, काही नाही. आणि वहीत सहा आहेत."

"मग?"

"वरून जोडून टाकलंय. लोखंड वितळवून. मी उघडायला बसेन तेव्हा उघडू नये, चार लोकांत माझं हसं व्हावं, म्हणून. तुझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा निरोप का आला, कळलं आता?"

त्याची बायको चहा घेऊन आली होती. ती कपबशी ठेवत म्हणाली, "अहो, तुम्ही इंजिनाशी बोलताय की दाजींशी?"

"दोघंही सारखेच. सांगत काही नाहीत."

"तुम्ही विचारलं होतंत का कधी धड?"

तो चहा त्यानं प्यायला नाही. गार झाल्यावर त्यावर साय धरली आणि सायीवर ग्रीसचा एक ठिपका पडला.

*

बुधवारी मी गेले तेव्हा त्याच्या हातात लोखंड कापायचं यंत्र होतं. कवचाच्या वरच्या बाजूवर त्यानं खडूनं रेघ मारून ठेवली होती.

"हे कापलंस तर ते कवच जोडता येईल?"

"नाही."

"मग ताईचं काय?"

"फोडलं कुणी? मी? ज्यांनी चिकटवलं त्यांनी फोडलं. मी निरोप धाडलाय, ताई येतेय. तिच्या डोळ्यांदेखत कापणार. आत वितळलेलं लोखंड दिसेल तिला. आणि मागे नंबर. एकदाचं होऊन जाऊ दे."

मी खुर्चीत बसले, पण पाठ टेकली नाही. चाळीस वर्षं मुलांना 'खात्री करून घ्या' म्हणून सांगत आले. एखादा इतकं मनावर घेईल, असं वाटलं नव्हतं.

ताई आली, पण एकटी नाही. तिच्या दंडाला धरून दाजी आले. मी त्यांना पुष्कळ वर्षांनी जवळून पाहिलं. सुकलेले, स्वच्छ दाढी केलेले, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. मी उठून त्यांना खुर्ची दिली. ते बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून धरले, तरी खांदे हलत होते.

"या," ताळ्या म्हणाला. "बरं झालं तुम्हीच आलात. काय केलंय, ते तुम्हीच सांगा, म्हणजे कापावं लागणार नाही."

"तीन दिवस वाट पाहिली," दाजी म्हणाले. "वाटलं, तुला आठवेल."

"मला काय आठवायचं? सहा बोल्ट होते, सहा काढले. वही आहे, बाई आहेत."

"वहीत असतं तर तुला सापडलंच असतं."

"म्हणजे?"

"सातवा वहीत नाही."

"सातवा नाहीच! कंपनीनं दिलेला नाही."

"कंपनीनं नाहीच दिलेला," दाजी म्हणाले. मग त्यांनी एक हात गुडघ्यांतून सोडवला आणि थरथरत्या बोटानं गाडीच्या आत दाखवलं. "गिअरच्या दांड्याचं रबर वर कर. हात आत घाल, कोपरापर्यंत. डाव्या अंगानं वर."

ताळ्या हलला नाही. "तिथं काय ठेवलंय?"

"साप नाही ठेवला," ताई फटकारून म्हणाली. "घाल की हात! नाही तर मी घालते."

त्यानं यंत्र खाली ठेवलं. गाडीचं दार उघडून तो आडवा झाला, दांड्याभोवतीचं रबर सोडवलं आणि हात आत घातला. आम्हाला त्याची पाठ आणि वेडेवाकडे झालेले पाय तेवढे दिसत होते. थोडा वेळ पाठ हलत राहिली. मग ती थांबली.

"अगं, आरसा दे," आतून आवाज आला. "आणि बॅटरी."

त्यानं आरसा आत धरला, प्रकाश टाकला आणि बराच वेळ तसाच पडून राहिला. शेवटी न राहवून ताई म्हणाली, "काय आहे रे?" तो बाहेर आला. त्यानं आरसा आणि बॅटरी माझ्या हातात दिली. मी साक्षीदार. माझे गुडघे वाकत नाहीत, पण वाकवले. आरशात त्या अंधाऱ्या पोकळीत बोल्टाचं एक डोकं दिसलं. गिअरबॉक्सच्या बाजूनं, म्हणजे उलटा घातलेला. त्याच्यावरून लोखंडावर एक बारीक रेघ ओढलेली होती. इतक्या आत ना धूळ ना तेल, त्यामुळे रेघ काल ओढल्यासारखी लखलखीत होती.

पिवळी.

मी बाहेर आले तेव्हा तो आपल्या हाताकडे बघत उभा होता.

"तुम्ही दारांचा रंग आणायला गेला होतात," तो म्हणाला, कुणाकडेही न पाहता. "त्या दुपारी."

"अर्ध्या तासात आलो होतो," दाजी म्हणाले.

"गाडी तुमच्या घरी राहणार होती. वाटलं, इंजिन कुणी काढलंच, तर ह्या बोल्टाशी अडेल. मला विचारावं लागेल. वहीत लिहिलं नाही, कारण..."

"कारण वही मीही वाचायचो."

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"मला आठव्या दिवशी कळलं," दाजी सांगू लागले. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "गिअरचा दांडा कुरकुरत होता. ग्रीस द्यायला रबर काढलं, हात आत घातला. डोकं लागलं, आरसा घेतला. तुझा रंग. ग्रीस न देताच रबर लावून टाकलं. दांडा अजून कुरकुरतो."

"मग बोलायचं होतंत मला!"

"काय बोलायचं? तू विचारलं असतंस, तिथं हात कशाला घातलात?"

ताळ्यानं तेच विचारलं असतं. मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं, आणि त्या क्षणी बहुतेक तेच त्याच्या ओठावर होतं.

"आणि तुला ठाऊक होतं?" तो ताईकडे वळला.

"पहिल्या दिवसापासून. शपथ घातली होती ह्यांनी. सहाव्या-सातव्या वर्षापासून गाडी धूर ओकतेय. शेजारीपाजारी खिडक्या लावून घ्यायचे. मी कंटाळून म्हणायची, उघडा एकदा, तुमचे हात धड आहेत तोवर. हे म्हणायचे, त्या बोल्टाची रेघ तुटली की तुझा भाऊ म्हणेल, बघा, उघडलंच." तिनं पदर तोंडाशी नेला आणि लगेच खाली घेतला, रडायला आपण आलेलो नाही असं ठरवल्यासारखं. "तुझ्या एका बोल्टापायी मी इथं पाणी प्यायले नाही रे."

ताळ्याची बायको गुपचूप आत गेली आणि परवाचाच तो तांब्या घेऊन बाहेर आली. ताईनं तो घेतला आणि उभ्यानंच अर्धा रिकामा केला.

"आता मला चालवणं होत नाही," दाजी म्हणाले. "इंजिन तुझं आहे. उतरवून घे. नंबर कोरलेला आहे मागे, ताडून बघ. तेच आहे की नाही, एकदा बघून टाक."

*

सातवा बोल्ट अर्ध्या तासात निघाला. ताळ्यानं तो माझ्या थाळीत टाकला नाही, खिशात घातला. साखळी पुन्हा ताठ झाली, वरची फटही उघडली, आणि इंजिन चार बोटं पुढे येऊन परत अडलं. सगळ्यांनी दाजींकडे पाहिलं.

"आता मी काही केलेलं नाही," दाजी म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत हसू आलं. "दांडा गंजलाय क्लचमध्ये. चौथा गिअर टाक आणि गाडी मागे-पुढे हलवा. मागची चाकं दांडा पिळतील. ओढू नकोस, नुसतं धर."

मग एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला ताळ्याची बायको, दोघी पदर खोचून गाडीला भिडल्या. बोटभर पुढे, बोटभर मागे. "वन्सं, जरा दम धरा," "तू धर, मी एकोणीस वर्षं धरलाय," असं त्यांचं चाललं होतं. ताळ्या इंजिनाला मिठी मारून उभा होता. दाजी खुर्चीतून उठून त्याच्यामागे आले आणि त्यांनी आपला थरथरता तळवा इंजिनावर ठेवला. "थांब. अजून एकदा. आता." आतून एक खरखरीत आवाज झाला, आणि दांडा सुटला. इंजिन साखळीवर हलकेच झुललं. कवचाला ओरखडासुद्धा नव्हता.

नंबराची जागा आता उघडी पडली होती, ताळ्याच्या अगदी छातीसमोर, काजळीखाली. एका चिंधीनं पुसायचा अवकाश होता. वही बाकावर त्याच पानावर उघडी होती.

त्यानं चिंधी रॉकेलमध्ये बुडवली. त्यानं वरचं झाकण पुसलं, कडा पुसल्या, खालचं तेल निपटलं. दाजी बघत होते, ताई बघत होती. त्याचा हात मागच्या अंगाला गेला, वळला आणि पुढे आला. तासाभरात सगळं इंजिन राखाडी रंगानं उजळून निघालं, फक्त मागे तळहाताएवढा काळा डाग राहिला. वही त्यानं मिटली आणि फळीवर नेऊन ठेवली.

"मागचं राहिलं," दाजी म्हणाले.

"राहू दे," ताळ्या म्हणाला. "तिथं हात पोचत नाही."

हात चांगला पोचत होता, हे तिथे सगळ्यांना दिसत होतं.

आज चौथा आठवडा आहे. दाजी रोज सकाळी येऊन माझ्या त्या खुर्चीत बसतात, गुडघ्यांत हात धरून सूचना देतात, आणि ताळ्या कुरकुरत का होईना, ऐकतो. परवा त्यानं मला विचारलं, सातवा बोल्ट परत घालावा की नको. मी म्हटलं, दाजींना विचार. दाजी म्हणाले, "घाल. नसला तर मलाच शंका येईल." आता तो वहीत लिहिलेला आहे, दोघांच्या अक्षरात.

इंजिन उद्या गाडीत बसेल. त्याच्या मागच्या अंगाला तो काळा डाग तसाच आहे. काल गॅरेजात कुणी नव्हतं आणि रॉकेलची चिंधी तिथेच पडलेली होती. मीही नुसता चष्मा पुसला आणि घरी आले.